ट्रॅकची रुंदी, मधली फट आणि लोहगडवाडीचा पाऊस

आषाढ लागला की लोहगडवाडीत ढग गडावरून उतरून थेट ओसरीत येतात. भिंतींना ओल सुटते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, काडेपेटी पेटता पेटत नाही. याच हवेत पंपाचा ऑटोस्विच, खांबावरचा एलईडी दिवा, पर्यटकांच्या खोलीतला इन्व्हर्टर आणि टीव्हीचा सेटटॉप बॉक्स चार महिने काढतात. प्रत्येकाच्या पोटात एक हिरवी पाटी असते, म्हणजे पीसीबी, आणि तिच्यावर तांब्याचे ट्रॅक. ट्रॅक किती रुंद घ्यायचा आणि दोन ट्रॅकमध्ये फट किती सोडायची, हे डिझाइन करणाऱ्याने दूर कुठेतरी कोरड्या खोलीत बसून ठरवलेलं असतं. ढोबळ नियम सोपा आहे: रुंदी करंटवर ठरते, फट व्होल्टेजवर. पण मावळात फट ठरवताना पाऊसही मधे बोलतो, आणि माझ्या मते त्याचंच आधी ऐकायला हवं.

तांबं विकत घ्यायचं वजनावर

पीसीबीवरच्या तांब्याची जाडी कारखानदार मायक्रॉनमध्ये क्वचितच सांगतात. ते म्हणतात ‘एक औंस’. एक औंस तांबं एक चौरस फूट जागेवर सारखं पसरलं तर जेवढा थर होईल, तेवढी जाडी. ती भरते सुमारे ३५ मायक्रॉन. अर्धा औंस म्हणजे साडेसतरा, दोन औंस म्हणजे सत्तर. सगळी गणितं या पस्तीस मायक्रॉनच्या पापुद्र्यावर उभी आहेत. जाडी कारखान्याने ठरवून दिलेली असल्यामुळे डिझाइन करणाऱ्याच्या हातात उरते ती फक्त रुंदी.

दुप्पट करंटला दुप्पट रुंदी पुरत नाही

आयपीसी-२२२१ या मानकातलं सूत्र जगभर वापरलं जातं. एक औंस तांबं, पाटीच्या बाहेरच्या थरावरचा ट्रॅक, आणि भोवतालच्या हवेपेक्षा फक्त १० अंश जास्त तापायची मुभा, एवढं गृहीत धरलं तर एक अँपिअरला सुमारे ०.३ मिमी रुंदी लागते. दोन अँपिअरला ०.६ मिमी पुरेल असं वाटतं. पुरत नाही, जवळपास ०.७८ मिमी लागते. पाच अँपिअरला पावणेतीन मिमी. दहा अँपिअरला तर सात मिमीच्याही पुढे, म्हणजे करंट दहापट झाला की रुंदी चोवीसपट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून रुंदीला अशी धाव घ्यावी लागते. स्वस्तातल्या ऑटोस्विचमध्ये रिलेकडे जाणारा ट्रॅक बोटभर रुंद दिसला आणि त्यावर वरून सोल्डरचा जाड थर चढवलेला दिसला, तर त्यामागचं कारण हेच. सोल्डर तांब्याइतकं वाहक नाही, पण थर जाड असला की थोडा हातभार लागतो.

पन्नास वर्षं चाललेला ‘निम्मा’

याच सूत्रात आतल्या थरातल्या ट्रॅकसाठी करंट सरळ निम्मा धरला आहे. म्हणजे बाहेर एका अँपिअरला ०.३ मिमी, तर आत तेवढ्याच करंटला ०.७८. कारण ऐकायला पटतं: आतल्या ट्रॅकला हवा लागत नाही, तो जास्त तापेल. मूळ आलेख १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या मोजमापांतून निघाले होते, आणि आतल्या थराचा आकडा सुरक्षिततेसाठी बाहेरच्याच्या निम्मा घेतलेला होता. पुढे नीट चाचण्या झाल्या आणि २००९ मध्ये आयपीसी-२१५२ आलं. त्यातून कळलं ते उलटच. पाटीतलं काच-इपॉक्सी स्थिर हवेपेक्षा उष्णता बरीच चांगली वाहून नेतं, त्यामुळे आतला ट्रॅक बाहेरच्यापेक्षा वाईट अवस्थेत नसतो. जवळ तांब्याचा सलग थर असेल तर तो आणखी गार राहतो. जुनं सूत्र तरीही वापरात आहे, कारण ते चुकलं तर जास्त रुंदीच्या बाजूने चुकतं. जागा असेल तेव्हा त्यात काहीच बिघडत नाही.

चौकोन मोजा, मिलिमीटर नको

ही युक्ती मला फार आवडते. एक औंस तांब्याचा कुठलाही चौरस घ्या, एक मिमीचा असो की एक फुटाचा. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत त्याचा रोध सारखाच येतो, सुमारे अर्धा मिलिओहम. लांबी वाढली तेवढीच रुंदीही वाढली, दोघांनी एकमेकांना काटलं. त्यामुळे ट्रॅकचा रोध काढायला तो किती चौकोनांचा आहे एवढं मोजलं की झालं. ०.३ मिमी रुंद आणि १० सेंमी लांब ट्रॅक म्हणजे ३३३ चौकोन, म्हणजे जवळपास ०.१६ ओहम. त्यातून एक अँपिअर गेला की ०.१६ व्होल्ट वाटेतच खर्च. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपसाठी हे पाच टक्के झाले. तापमानाचा हिशेब तंतोतंत बसवूनही यंत्र मधेच रीसेट होत राहतं, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. तांबं तापलं की दर अंशाला रोध आणखी ०.३९ टक्के चढतो, तो वेगळाच.

पोकळ भोकातूनही करंट

वरच्या थरातून खालच्या थरात जायला ‘व्हाया’ असतं, आतून तांब्याचा मुलामा दिलेलं भोक. भोक ०.३ मिमीचं आणि मुलामा २५ मायक्रॉनचा असेल, तर त्या नळीचं तांबं उलगडून सपाट केल्यावर एक औंसच्या सुमारे ०.६७ मिमी रुंद ट्रॅकएवढं भरतं. म्हणजे दोन मिमी रुंद ट्रॅक खाली न्यायचा असेल तर अशी तीन भोकं हवीत. एकच पाडलं तर सगळा करंट तिथे अडखळतो.

मळवलीच्या फलाटावरून दिसणारं गणित

लोहगडवाडीला जाणारे बहुतेक जण मळवली स्टेशनवर उतरतात आणि भाज्यामार्गे गायमुख खिंडीकडे चालू लागतात. निघण्याआधी एकदा वर बघावं. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं ते १,५०० व्होल्ट डीसीवर. आज तिथे २५,००० व्होल्ट एसी आहे. तेवढीच ताकद पोचवायची तर करंट सोळा-सतरापटीने कमी लागतो, म्हणून वरची तार बारीक चालते. पण मोबदल्यात खांब आणि तार यांच्यातलं अंतर वाढतं, इन्सुलेटर लांब होतात. पीसीबीवरही नेमका हाच सौदा असतो. १२ व्होल्टवर १० अँपिअर नेलात तर सात मिमीचा ट्रॅक. तेवढीच ताकद २४० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरने नेलीत तर ट्रॅक केसासारखा बारीक चालतो, पण शेजाऱ्यापासून चांगलं लांब राहावं लागतं.

त्या इन्सुलेटरच्या झालरीही पाहण्यासारख्या आहेत. त्या शोभेसाठी नाहीत. पृष्ठभागावरून चालत जाणाऱ्या विजेला वर-खाली करत लांबचा पल्ला कापावा लागावा, यासाठी त्या आहेत. हवेतून सरळ मोजलेलं अंतर ते ‘क्लिअरन्स’, पृष्ठभागावरून मोजलेलं ते ‘क्रीपेज’. मावळात दुसऱ्याची चिंता जास्त.

३२५ आणि ३२७

जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं की हवेतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं. फट लहान करत गेलं की लागणारं व्होल्टेज कमी होत जातं, पण एका मर्यादेनंतर ते पुन्हा चढू लागतं. हवेसाठी तो तळ सुमारे ३२७ व्होल्टवर आहे, आणि नेहमीच्या दाबाला तो येतो अवघ्या साडेसात मायक्रॉनच्या फटीवर. आता घरातली लाइट घ्या. २३० व्होल्ट ही सरासरीच्या हिशेबातली संख्या, लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५. आपल्या घरातल्या विजेचं शिखर आणि हवेच्या ठिणगीचा तळ इतके शेजारी-शेजारी आहेत.

मग स्वच्छ, कोरड्या हवेत घरच्या व्होल्टेजला फट जवळजवळ नसली तरी चालेल की! पण आयपीसी-२२२१चा तक्ता उघडला तर लेप नसलेल्या बाहेरच्या ट्रॅकसाठी ३१ ते १५० व्होल्टला ०.६ मिमी, १५१ ते ३०० व्होल्टला १.२५ मिमी आणि ३०१ ते ५०० व्होल्टला २.५ मिमी फट मागितलेली दिसते. एवढी मोठी मागणी हवेच्या भीतीने केलेली नाही. ती आहे धूळ, घाम, सोल्डरच्या फ्लक्सचा चिकट उरलेला भाग आणि ओल यांच्यासाठी. हाच ट्रॅक पाटीच्या आत गाडला तर ३१ ते १०० व्होल्टला ०.१ मिमी पुरते. बाहेरच ठेवून वर पक्का लेप दिला तर ०.१३. एका लेपाने फट पाव हिश्श्याहूनही कमी होते.

आणि खेड्यात लाइट २३० वरच थांबते असं कुठे आहे? डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटला की घराघरांत चारशेच्या आसपास व्होल्ट शिरतात. ४१५ व्होल्टचं शिखर ५८७. पाचशेच्या वर तक्ता प्रत्येक व्होल्टमागे ०.००५ मिमी वाढवायला सांगतो, म्हणजे जवळजवळ तीन मिमी. ग्रामीण भागासाठी यंत्र बनवणाऱ्याने हिशेब इथूनच सुरू करावा.

चार हजार मिलिमीटर

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आंतरराष्ट्रीय मानकांत या हवेसाठी वेगळा रकाना आहे. त्याला ‘प्रदूषण श्रेणी’ म्हणतात, पण कारखान्याच्या धुराशी त्याचा संबंध नाही. श्रेणी दोन म्हणजे एरवी कोरडी धूळ, क्वचित दव. श्रेणी तीन म्हणजे अशी जागा जिथे धुळीवर पाणी धरणारच आणि ती वाहक होणारच. शहरातल्या बैठकीतला टीव्ही दोनमध्ये बसतो. लोहगडवाडीच्या विहिरीवरचं पंपाचं पॅनेल सरळ तीनमध्ये. २५० व्होल्टला साध्या पीसीबीवर क्रीपेज दोनमध्ये २.५ मिमी, तीनमध्ये ४ मिमी. माणसाचा हात लागेल अशा बाजूला दुहेरी सुरक्षा हवी, म्हणजे ५ विरुद्ध ८ मिमी. पाटी तीच, व्होल्टेज तेच, गाव बदललं की दीड पटीहून जास्त फट.

ओल लागून बंद पडलेल्या दिव्याचा ड्रायव्हर भिंगाखाली धरला तर सगळी हकीकत दिसते. दोन पॅडच्या मधे पांढरी भुकटी, तिच्या कडेला हिरवट डाग, आणि मधूनच गेलेली तपकिरी-काळी रेघ. ही रेघ म्हणजे जळून कोळसा झालेलं इपॉक्सी. ओलीतून थोडी वीज झिरपते, जागा तापते, तिथलं पाणी उडतं, सुकलेल्या ठिकाणी बारीक ठिणगी पडते, तेवढा भाग कोळसा होतो. कोळसा वाहक असतो, त्यामुळे पुढच्या रात्री रेघ थोडी पुढे सरकते. एक दिवस ती पलीकडे पोचते आणि दिवा ‘शॉर्ट झाला’ म्हणून उतरवला जातो.

कोणतं साहित्य अशा रेघेला किती दाद देतं, याची परीक्षाही ठरलेली आहे. साहित्याच्या तुकड्यावर चार मिमी अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवायचे, मधे दर तीस सेकंदांनी नवसागराच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकायचा, असे पन्नास थेंब. पन्नास थेंब पचवून रेघ न उमटू देणारं सर्वांत मोठं व्होल्टेज म्हणजे त्या साहित्याचे गुण.

भोक पाडून अंतर वाढवा

जागा नसेल तर दोन ट्रॅकच्या मधे पाटीच कापून टाकतात. चार्जर उघडलात तर ऑप्टोकप्लर नावाच्या चिपच्या पोटाखाली अशी लांबट खाच दिसेल. पृष्ठभागावरून चालणाऱ्या विजेला आता वळसा घालावा लागतो. पण खाच फार अरुंद असेल तर धूळ-पाण्याने ती बुजून जाते, म्हणून मानक म्हणतं की श्रेणी दोनमध्ये ती किमान १ मिमी आणि श्रेणी तीनमध्ये किमान १.५ मिमी रुंद असली तरच मोजायची. त्याहून बारीक खाच हिशेबात नाही.

पाल मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. पावसाळ्यात ऊब शोधत ती पॅनेलमध्ये शिरते, एक पाय फेजवर, एक न्यूट्रलवर, आणि चार काय, चाळीस मिमीची फटसुद्धा वाया जाते. मुंग्यांचंही तेच. इथे ट्रॅक हलवून काही होत नाही. पेटीचं झाकण घट्ट बसवायचं आणि केबल शिरते तिथे ग्लँड लावायचा, वायरमन सांगतो ते खरं.

उंचीची सूट

उंचावर हवा विरळ होते आणि ठिणगी लवकर उडते, म्हणून दोन हजार मीटरच्या वर क्लिअरन्स वाढवावा लागतो: ३,००० मीटरला १.१४ पट, ४,००० ला १.२९, ५,००० ला १.४८. लोहगडाचा माथा १,०३३ मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात एकही जागा अशी नाही जिथे उंचीपायी फट वाढवावी लागेल. तेच यंत्र साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला पाठवायचं म्हटलं की डिझाइन पुन्हा उघडा.

आणि हवा अजिबातच नसेल तर? पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. तिथे ट्रॅकला गार करायला वारा नाही. उष्णता पाटीतून सांगाड्यात जाईल किंवा किरणांनी बाहेर पडेल, तिसरी वाट नाही. आयपीसी-२१५२ मध्ये निर्वात पोकळीतल्या ट्रॅकचा हिशेब त्यासाठीच वेगळा दिलेला आहे, आणि तिथे तेवढ्याच करंटला जमिनीवरच्यापेक्षा रुंद ट्रॅक लागतो.

करंट नगण्य, तरी रुंदी पक्की

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की करंटचा प्रश्नच नाही. पण अशा रेडिओ रिसीव्हरच्या पाटीवर ट्रॅकची रुंदी आणखी काटेकोर असते, कारण तिथे ५० ओहमचा इम्पीडन्स सांभाळायचा असतो. रुंदी चुकली की संदेशाचा काही भाग वाटेतून परत फिरतो. नेहमीच्या १.६ मिमी जाडीच्या काच-इपॉक्सी पाटीवर, खाली सलग तांबं असताना, ५० ओहमला सुमारे तीन मिमी रुंदी लागते. खालचं तांबं ०.२ मिमीवर आणलं की तोच ट्रॅक ०.४ मिमीच्या आसपास येतो. या पाटीत संदेश एका नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंमी धावतो. मोबाइल किंवा संगणकाच्या पाटीवर नागमोडी ट्रॅक दिसतात ते लांबी सारखी करायला, सगळे बिट एकाच वेळी पोचावेत म्हणून.

मुद्दाम बारीक, मुद्दाम जवळ

काही ठिकाणी ट्रॅक जाणूनबुजून अरुंद ठेवतात, जास्त करंट आला की तिथेच वितळावा म्हणून. आणि काही पाट्यांवर समोरासमोर दोन टोकदार तांब्याचे दात दिसतात, वळवाच्या विजांचा झटका तारेतून आला तर ठिणगी तिथे पडावी यासाठी. फुकटात मिळणारं संरक्षण आहे, पण एकदा ठिणगी पडली की दातांभोवती काजळी बसते, आणि ओल्या हवेत तीच गळती सुरू करते. मावळासाठी मी तरी पैसे घालून असा झटका पचवणारा व्हेरिस्टरच लावायला सांगेन.

हाताने केलेली पाटी

पॉल आयस्लर या व्हिएन्नात जन्मलेल्या इंजिनिअरने लंडनमध्ये छापील सर्किट घडवलं त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. डिप्लोमाचे विद्यार्थी आजही पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची पाटी आणि फेरिक क्लोराइड आणून तेच करतात. द्रावण तांबं खाली खातं तसं बाजूनेही खातं, म्हणून घरच्या पाटीवर ०.३ मिमीच्या खाली ट्रॅक तुटायला लागतात. कारखान्यात ०.१५ मिमी सहज जमतं, पण दोन औंस तांब्याला तिथेही फट वाढवून मागतात. हिशेबासाठी कीकॅड हे पीसीबी डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे, ग्रनोबल इथे शिकवणाऱ्या झाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं आणि आजही मोफत असलेलं. रुंदी आणि फट या दोन्हींचे तक्ते त्याच्या गणकयंत्रात आहेत. रुंदी ‘मिल’मध्ये दिसली तर घाबरू नका आणि फसूही नका: एक मिल म्हणजे ०.०२५४ मिमी.

अशीच एक पाटी घ्या. दोन पॅड, मधे अर्ध्या मिमीची फट, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वर नळाच्या पाण्याचा एक थेंब. भिंगातून पाहा. आधी बुडबुडे येतील, धन बाजूला निळसर-हिरवा साका धरेल, आणि काही मिनिटांत ऋण बाजूकडून तांब्याच्या काळ्या बारीक फांद्या पलीकडे निघतील. त्या टेकल्या की शॉर्ट. नऊ व्होल्टला तक्ता ०.१ मिमी पुरेशी म्हणतो, तुमची फट त्याच्या पाचपट होती. आता पाटी घासून पुसून कोरडी करा, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा लेप फवारा, तो पूर्ण वाळू द्या, आणि त्याच जागी पुन्हा एक थेंब टाका.